समाधिस्थळे, भुताची वदंता आणि मराठी वाङ्मय : संगम माहुलीच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघाल्यावर नीरा नदी ओलांडली की शिरवळ येते आणि त्यापुढे खंडाळा. बोरघाटाच्या माथ्यावरील, लोणावळ्याशेजारचा खंडाळा निराळा. हे सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होय. गाव मागे पडले की खंबाटकीचा घाट सुरू होतो. घाटात खामजाईचे ठाणे आहे आणि तेथे हात जोडल्यावाचून पुढे न जाणारे वाहनचालक आजही आढळतात. घाट उतरल्यावर सुरूरपाशी वाट दुभंगते. उजवीकडची वाट वाई-पाचगणीवरून महाबळेश्वरास जाते. सरळ वाट साताऱ्यास आणि तेथून कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीस पोहोचते.

या दोन वाटांच्या टोकांना मृतांची दोन निराळ्या परंपरांची स्थळे आहेत. महाबळेश्वरी, म्हणजे जुन्या माल्कम पेठेत, हवा पालटण्यासाठी आलेल्या व तेथेच देह ठेवलेल्या इंग्रजांची दफनभूमी आहे. माहुलीस छत्रपतींच्या घराण्यातील स्त्रीपुरुषांच्या समाध्या आणि नदीकाठचे स्मशान आहे. अशा जागांविषयी सर्वत्र जे बोलले जाते ते येथेही सहज संभवते : जागा बरी नाही, तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकू नये. ही वदंता खरी की खोटी हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रश्न नव्हे. मराठी समाजाने कोणत्या मृतांची भुते केली, कोणत्या मृतांना देवत्व दिले आणि कोणाला केवळ विसरून टाकले, या निवडीमागे काही सूत्र आहे काय, हा मात्र त्याच्या कक्षेतला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात भाषा, विधी आणि वाङ्मय यांच्या आधारे या सूत्राचा शोध घ्यावयाचा आहे.

२. स्मशान, समाधी, वृंदावन

मृतांच्या जागेसाठी मराठीत एकच शब्द नाही. ‘स्मशान’ ही दहनाची जागा. तिचेच बोलीरूप ‘मसण’ आणि त्यावरून ‘मसणवट’, ‘मसणवटा’. मुसलमानांचे ते ‘कबरस्तान’ आणि तेथील बांधकाम ती ‘कबर’ किंवा ‘थडगे’. मुंबईच्या मराठीत याखेरीज ‘सोनापूर’ हा शब्द रूढ झाला. गिरगावालगतच्या एका जागेचे हे नाव स्मशानाचा पर्यायच बनले आणि ‘सोनापूरला पोचणे’ याचा अर्थ मरणे असा झाला. मरणाने देहाचे सोने होते म्हणून सोनापूर, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. व्युत्पत्ती म्हणून तिचे मोल काहीही असो, अशुभ जागेला शुभ नाव देण्याची लोकभाषेची प्रवृत्ती तीत स्पष्ट दिसते.

या सर्वांहून ‘वृंदावन’ हा शब्द अधिक लक्षणीय आहे. वृंदा म्हणजे तुळस; वृंदावन म्हणजे तुळशीचे वन, कृष्णाच्या लीलांचे उपवन. मराठीत त्याचा दुसरा अर्थ अंगणातील तुळशीचा चौथरा असा झाला आणि तिसरा अर्थ समाधीवरील त्याच आकाराचे बांधकाम असा झाला. थेऊरला थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले आणि रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. तेथील रमाबाईंचे स्मारक वृंदावन म्हणूनच ओळखले जाते. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीने (१९६२) हे वृंदावन मराठी वाचकाच्या भावविश्वात कायमचे उभे केले.

या तीन अर्थांची साखळी नीट पाहिली पाहिजे. वन आक्रसून चौथरा झाला आणि चौथरा मृताच्या रक्षेवर बसला. रोज सकाळी घरातील स्त्री ज्याला पाणी घालते, दिवा दाखविते आणि प्रदक्षिणा करते, त्याच आकारात मृताला बसविले गेले. पाश्चात्त्यांनी मृतांसाठी बाग आखली. मराठी मनाने बागेचे सार एका रोपात आणि एका चौथऱ्यात आणले. अशा ठिकाणी भय कमी आणि नित्यसेवेचा धागा अधिक. समाधीपुढे दिवा लागत असेतो तिच्याविषयी भुताची कथा सहसा जन्मत नाही. दिवा बंद पडला की ती जन्मण्यास वाव मिळतो.

३. भूत म्हणजे राहिलेले येणे

लोकसमजुतीतील भुतांची नामावळी पाहिली तर प्रत्येक नावामागे अपुरेपणाचा एक विशिष्ट प्रकार आढळतो. मुंज झाली पण लग्न झाले नाही असा मुलगा मेला तर तो ‘मुंजा’ होतो व पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली स्त्री ‘अळवंतीण’ किंवा ‘हडळ’ होते. विद्या किंवा धन यांत जीव गुंतलेला ब्राह्मण ‘ब्रह्मसमंध’ होतो. ‘खवीस’ हा शब्द अरबी ‘खबीस’वरून आला, म्हणजे शेजारच्या समाजाचे भूत त्याच्याच भाषेतील नाव घेऊन मराठीत वस्तीस आले. यांतील ‘समंध’ हा शब्द ‘संबंध’ याचेच रूप मानला जातो. तो अर्थ घेतला तर भुताची सगळी कल्पना त्या एका शब्दात येते. मृत्यूने जो तुटावयास हवा होता आणि तुटला नाही, तो संबंध म्हणजे समंध.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या भुतांचे घर बहुधा स्मशान नसते. पिंपळ, विहीर, पडका वाडा, गावाची शीव, ओढ्याचा उतार ही त्यांची ठिकाणे. भूत जळाले त्या जागी राहत नाही. त्याचे जेथे काही अडले तेथे राहते.

दशक्रियेचा विधी या समजुतीला पूर्णपणे जुळणारा आहे. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली आहे असे समजून आप्तांपैकी एकेक जण पुढे होऊन मोठ्याने वचन देतो : मुलांचा सांभाळ करू, कर्ज फेडू, धाकटीचे लग्न लावून देऊ. वचन ऐकून कावळा शिवला की जमलेले लोक निःश्वास टाकतात. तरीही न शिवला तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. ‘पिंडाला कावळा न शिवणे’ या वाक्प्रचाराच्या पाठीशी हे सारे नाट्य उभे आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने या विधीचे महत्त्व असे की, त्यात मृताचे येणे चारचौघांत उच्चारले जाते आणि जिवंत माणूस ते शब्दाने स्वीकारतो. हा शब्द दिला गेला नाही म्हणजे भूत होते.

‘वेताळपंचविशी’ची रचनाही हेच सांगते. संस्कृतातून देशी भाषांत पसरलेली ही कथामाला सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इ. स. १८३० मध्ये मराठी गद्यात आणली. अर्वाचीन मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिची गणना होते. स्मशानातील झाडाला लटकणारे प्रेत राजा खांद्यावर घेतो आणि प्रेतातील वेताळ त्याला गोष्ट सांगून शेवटी प्रश्न विचारतो. प्रश्न बहुधा न्यायाचे असतात : दोष कोणाचा, हक्क कोणाचा, श्रेष्ठ कोण? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटावयाचे. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जावयाचा. अर्वाचीन मराठी गद्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले हे भूत रक्त मागत नाही, निवाडा मागते.

४. माहुलीचे मृत

आता माहुलीस येणे सोयीचे होईल. कृष्णेच्या पश्चिमेकडची, साताऱ्याच्या बाजूची ती संगम माहुली आणि पैलतीरावरची ती क्षेत्र माहुली. संगमावरील विश्वेश्वराचे देवालय श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी इ. स. १७३५ च्या सुमारास बांधले. घाट, देवळे, नदीच्या पात्रालगतच्या समाध्या आणि दशक्रियेसाठी येणारी माणसे असे येथील दृश्य आहे. आखीव बाग येथे नाही. पात्र, वृक्ष, घाटाच्या पायऱ्या आणि वृंदावने यांचे मिळून जे होते ते मात्र बागेच्या जवळचे आहे.

थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास वारले. राणी सकवारबाई सती गेल्या. वारसाच्या प्रश्नावरून त्यांचा ताराबाई व पेशवे यांच्याशी तीव्र विरोध होता आणि त्यांचे सहगमन केवळ स्वेच्छेचे नव्हते, त्यामागे पेशव्यांच्या राजकारणाचा दाब होता, असे ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) सुचविलेले आहे. ज्यांच्या नातवाच्या दत्तकविधानावरून हे सारे घडले त्या ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये वारल्या. त्यांची समाधीही माहुलीसच, कृष्णेच्या पात्रात आहे. आयुष्यात परस्परांसमोर उभ्या ठाकलेल्या दोन स्त्रिया मृत्यूनंतर एकाच नदीच्या काठी आल्या.

याच परिसरात शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला अशी कथा आहे. महाराजांनी आपल्या आवडत्या कुत्र्याला जरीची वस्त्रे घातली, त्याच्या नावे जहागीर दिली आणि त्याला पालखीचा मान दिला, हे ग्रँट डफनेही नोंदविले आहे. माहुलीस येणारा पाहुणा आधी खंड्याची समाधी विचारतो. ती कथा सांगण्यास सोपी आहे, ऐकण्यास गोड आहे आणि तीत कोणाचे काही येणे राहिलेले नाही. कुत्र्याने जीव वाचविला, राजाने मान दिला; हिशेब पुरा झाला.

वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणे पाहिले तर येथे भूत व्हावे अशी व्यक्ती सकवारबाई होय. अपुरी इच्छा, अनिच्छेचे मरण, सत्तेचा डाव हे सारे घटक त्यांच्या वाट्याला आले. तथापि मराठी परंपरेत सती गेलेल्या स्त्रीचे भूत होत नाही. तिची देवी होते. गावोगावच्या सतीशिळांवर बांगड्या भरलेला, कोपरात दुमडून वर केलेला हात कोरलेला असतो आणि त्याला हळदकुंकू वाहिले जाते. देवत्व देणे हाही तक्रार मिटविण्याचा एक मार्ग असतो. देवीला नवस करता येतो, तिची साक्ष काढता येत नाही. भुताच्या वदंतेइतकीच ही निवडही अभ्यासकाने तपासली पाहिजे.

याच्या उलट उदाहरणासाठी पुण्याकडे वळावे लागते. मात्र त्याचा एक धागा माहुलीतच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘काका, मला वाचवा’ ही त्यांची हाक वाड्यात आजही ऐकू येते ही वदंता महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. या खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगून पदत्याग करणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे माहुलीचे. निवाडा दिल्यावर ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले असे सांगतात. निवाडा झाला, परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाही. मस्तक फुटू नये म्हणून राजाने उत्तर द्यावे आणि तरीही वेताळाने झाडावर परत जावे, तसेच येथे घडले. इ. स. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, आतल्या इमारती गेल्या, पण हाक राहिली. लोकांच्या स्मृतीत ती एका न फेडलेल्या येण्याची नोंद म्हणून टिकली आहे.

५. बागेतील दफन आणि आयात भय

दुसऱ्या वाटेच्या टोकाचे स्थळ वेगळ्या परंपरेतून आले. ऑगस्ट १८१७ मध्ये, इंग्रजांशी युद्ध पेटण्यापूर्वी, दुसऱ्या बाजीरावाची व सर जॉन माल्कमची भेट माहुलीसच झाली. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर याच माल्कमने प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळविली. माल्कम पेठ वसते न वसते तोच, जानेवारी १८३१ मध्ये, मुंबई लष्कराचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ तेथे वारला. त्याचा स्मारकस्तंभ प्रसिद्ध आहे. मोल्सवर्थच्या कोशाचा सहकारी आणि मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावणारा मेजर टॉमस कँडी इ. स. १८७७ मध्ये महाबळेश्वरीच निवर्तला. मराठी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देणाऱ्या प्रत्येकाचे या माणसाशी काही ना काही देणे लागते.

याच काळात युरोपात मृतांच्या जागेची कल्पना बदलत होती. चर्चच्या आवारातील दाटी व रोगराई टाळण्यासाठी शहराबाहेर वृक्ष, वळणदार वाटा आणि शिल्पे यांनी सजविलेल्या दफनबागा आखल्या गेल्या. पॅरिसची पेर लाशेज इ. स. १८०४ ची, लंडनची केन्सल ग्रीन १८३३ ची आणि हायगेट १८३९ ची. लोकांनी तेथे फिरावयास यावे, मृत्यूचे चिंतन करावे, असा त्यांचा हेतू होता. पुढे त्या भरल्या, देखभाल थांबली, वेली वाढल्या आणि भयकथांना आयते नेपथ्य मिळाले. इ. स. १९७० मध्ये हायगेटमध्ये रक्तपिपासू पिशाच्च असल्याच्या वार्तेने लोक भिंतींवरून उड्या टाकून आत शिरले. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील १७६७ च्या दफनभूमीचीही अशीच ख्याती आहे आणि सत्यजित राय यांनी आपली एक फेलुदाकथा तेथे घडविली आहे.

मुंबईत हा क्रम उलटा घडला. शिवडीस आधी कृषि-उद्यानविद्या संस्थेची बाग होती. इ. स. १८६० नंतरच्या दशकात ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली. संस्थेची बाग भायखळ्यास गेली आणि इ. स. १८६२ मध्ये तिची राणीची बाग झाली. बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकाचा शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) शिवडीलाच विसावला आहे. सोनापूरचे हिंदूंचे स्मशानही शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत होता; तो नाना शंकरशेट यांच्या विरोधामुळे बारगळला. स्मशान वस्तीजवळ असावे, मृताला खांद्यावरून नेता यावे, ही येथील गरज होती. दूरच्या रम्य बागेत मृताला ठेवून रविवारी भेटीस जाणे ही कल्पना तिच्याशी जुळणारी नव्हती.

या पार्श्वभूमीवर मराठीतील आधुनिक भयकथेकडे पाहिले तर तिच्यातील एक दुपेड लक्षात येतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथांतील अशुभ शक्तीला बहुधा मृताचे नाव नसते. ती जुन्या वास्तूत दबा धरून असते, तिला येणे नसते, केवळ भूक असते. हे भय इंग्रजी भयकथेच्या कुळातले आहे. याउलट रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत भय अनेकदा घरातील नात्यांमधून उगवते, तर चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कोकणात श्रद्धा, शाप आणि वासना यांना वेगळे करता येत नाही. येथे जुना समंध नव्या वेषात वावरताना दिसतो. पहिल्या प्रकारात स्थळ भयावह असते, दुसऱ्यात संबंध. मराठी भयकथेच्या अभ्यासात हा भेद करणे उपयुक्त ठरेल.

इंग्रजी दफनभूमीविषयी आपल्याकडे जी वदंता पसरते ती पहिल्या प्रकारची असते, याचे कारणही यात सापडते. तेथील मृत कोणाचे कोण होते हे गावाला ठाऊक नसते, दगडावरील लिपी वाचली जात नाही, दिवा लावणारे कोणी उरलेले नसते. ज्याची कथा ठाऊक नाही अशा मृताचे भूत नेहमी एकाच साच्याचे होते : पांढरे वस्त्र, कंदील, पावलांचा आवाज. नावाचा विसर पडल्याची ती खूण असते.

६. अजानवृक्षाचे मूळ

मृताच्या हाकेला प्रतिसाद कसा द्यावा याचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. समाधीलगत अजानवृक्ष आहे. त्याचे मूळ आपल्या कंठाला लागले आहे, ते येऊन काढावे, असे ज्ञानेश्वरांनी एकनाथांना स्वप्नात सांगितले अशी परंपरा आहे. एकनाथ आळंदीस गेले. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली.

बाग, समाधी, मृताची हाक हे भुताच्या कथेला लागणारे सर्व साहित्य येथे आहे आणि तरीही ही भुताची कथा झालेली नाही. कंठाला वेढलेले मूळ आणि पाठभेदांनी वेढलेला ग्रंथ यांचे साम्य परंपरेने न बोलता सुचविले आहे. हाक ऐकणाऱ्याने भिऊन पाठ फिरविली नाही, काम हाती घेतले. मराठीतील ग्रंथसंशोधनाचा आरंभ एका समाधीच्या भेटीत व्हावा, ही गोष्ट मराठी विभागांनी विसरण्यासारखी नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून निघणारे सूत्र असे मांडता येईल. मराठी समजुतीत भूत हे न फेडलेले येणे आहे. वचन, निवाडा, नित्यसेवा किंवा नामस्मरण यांपैकी काहीतरी मिळाले की ते शांत होते. ज्यांना यांतील काहीच मिळत नाही त्यांची जागा ‘बरी नाही’ असे म्हटले जाते. आणि ज्यांची तक्रार गैरसोयीची असते त्यांना कधीकधी देवत्व देऊन गप्प केले जाते.

याचा व्यावहारिक अर्थ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींशी निगडित आहे. माहुलीच्या समाध्यांपैकी अनेकींवर नाव नाही आणि पात्रालगतच्या समाध्यांवरून दर पावसाळ्यात कृष्णेचे पाणी जाते. रायगड पडल्यावर इ. स. १६८९ मध्ये मोगलांच्या कैदेत गेलेल्या आणि इ. स. १७१९ मध्ये सुटून आलेल्या येसूबाईंची समाधी माहुलीस असल्याचे अलीकडच्या काळात स्थानिक अभ्यासकांच्या प्रयत्नाने पुढे आले. तीस वर्षांचा बंदिवास सोसलेल्या स्त्रीला समाधीवरील नाव मिळण्यास त्यानंतर तीनशे वर्षे लागली. अशा स्थळी जाणाऱ्या विद्यार्थ्याने तीन रकाने वेगळे ठेवावेत : दगड काय सांगतो, कागद काय सांगतात आणि गाव काय सांगते. आकार, कोरीव चिन्हे, दिशा, पूजा कोण करते, कथा कोण सांगते व कोण टाळते, याची नोंद व्हावी. भुताची वदंता तिसऱ्या रकान्यात अवश्य लिहावी. ती खोडून टाकू नये आणि पहिल्या दोन रकान्यांत मिसळूही देऊ नये. तीनही रकाने शेजारी ठेवून वाचले म्हणजे कोणत्या समाधीचे कोणते येणे राहिले आहे ते कळू लागेल. ही नोंद पुढील पुरापूर्वी झाली तर बरे.